जुन्या ट्रकाचा धूर आणि कायद्याची दृष्टी



ज्या यंत्रविद्येच्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर डिझेल इंजिनाची दुरुस्ती शिकविली, आणि म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी विषयही मी त्यांच्या कार्यशाळेतलाच निवडला आहे. जुन्या मालट्रकाच्या इंजिनातून निघालेला वायू ज्या नळीतून, ज्या सायलेन्सरातून आणि अलीकडच्या गाड्यांत ज्या उत्प्रेरकातून बाहेर पडतो, त्या साऱ्या योजनेत मालक आणि मिस्त्री जे फेरफार करतात त्यांचे स्वरूप काय, ते का केले जातात आणि त्यांजकडे आपला कायदा कोणत्या दृष्टीने पाहतो, एवढाच माझ्या विवेचनाचा आवाका आहे. विषय गॅरेजपुरता आहे असे कोणास वाटेल. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर हा मनुष्यास निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातला, त्या दिवसापासून तरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा निगडीच्या वाहतूकनगरीत पाना घेऊन ट्रकाखाली शिरणाऱ्या माणसाचे काम हे सार्वजनिक आरोग्याचे काम झाले आहे, मग ते त्यास ठाऊक असो वा नसो.

प्रथम धुराविषयी. अनुभवी मिस्त्री धुराच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती सांगतो, आणि त्याचे निदान बहुधा खरे ठरते. निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजून वंगणाचे तेल ज्वलनकक्षात शिरत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडत आहे किंवा गॅस्केटातून पाणी आत येत आहे. आणि काळा धूर म्हणजे जितके डिझेल आत फवारले गेले तितके जाळण्यास पुरेशी हवा त्यास मिळाली नाही. या तिहींपैकी आपल्या रस्त्यांवर सर्वांत अधिक दिसतो तो काळा, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा धूरनळीत नसून पंपात असते. जुन्या ट्रकाचा डिझेल पंप हा पूर्णपणे यांत्रिक असतो. एका फेऱ्यात जास्तीत जास्त किती डिझेल द्यावयाचे याची मर्यादा एका स्क्रूने बांधलेली असून, पंपाची चाचणी झाल्यावर त्या स्क्रूवर शिशाची मोहर लावण्याची रीत आहे. गाडीवर परवान्याबाहेर माल भरला, बोरघाटाची किंवा कसाऱ्याची चढण लागली आणि गाडी दम टाकू लागली, की मालक पंपवाल्यास ‘पंप वाढव’ असे सांगतो; मोहर तुटते, डिझेल वाढते, चढावर थोडा जोर आल्याचा भास होतो, आणि हवा मात्र पूर्वीइतकीच राहिल्यामुळे वाढीव डिझेलाचा मोठा भाग काजळी होऊन मागच्या माणसाच्या नाकातोंडात जातो. त्यातच हवेचा फिल्टर धुळीने कोंदलेला, नोझलाची छिद्रे झिजलेली आणि फवारा बारीक धुक्याऐवजी थेंबांचा पडू लागलेला असेल, तर त्या ट्रकाच्या सायलेन्सरात कोणतेही नवे उपकरण बसविले तरी ते थोड्याच काळात काजळीने तुंबणार हे उघड आहे.

सायलेन्सर काढून सरळ नळी टाकण्याची चाल याच भ्रमातून निघाली. सायलेन्सर वायूस अडवितो, म्हणून तो काढला की ताकद आणि मायलेज दोन्ही वाढतात, अशी समजूत आहे. आतून काजळी साचून अर्धवट बुजलेला सायलेन्सर इंजिनाचा श्वास कोंडतो यात संशय नाही. पण त्याचा इलाज त्याच मापाचा नवा सायलेन्सर बसविणे हा आहे. मालट्रकाचे इंजिन सावकाश फिरणारे असल्यामुळे योग्य मापाच्या सायलेन्सराचा अडथळा त्यास फारसा जाणवत नाही, आणि तो काढून जे काही मिळते त्याच्या कितीतरी पट वाया चुकीच्या पंपाने जाते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनास सायलेन्सर सक्तीचा करतो. आणि ११२ वा नियम तर मला नेहमीच विशेष आदरणीय वाटत आला आहे, कारण धूरनळीचे तोंड खाली किंवा वाहनाच्या डाव्या बाजूस असू नये असे तो फर्मावितो. आपली वाहने डावीकडून चालतात, सबब डाव्या अंगास पादचारी, सायकलस्वार, रस्त्याकडेचा भाजीवाला आणि एस.टी.ची वाट पाहणारी म्हातारी असते. कायदा लिहिणाऱ्याने त्यांचा विचार केला होता. जुन्या गाडीची चौकट दुरुस्त करताना नळी सोयीप्रमाणे डावीकडे वळविणारा फिटर तो विचार नकळत पुसून टाकतो.

येथपर्यंतचा भाग कोणाही समंजस मालकास पटेल असा आहे. याच्या पुढचा भाग अवघड आहे, आणि माझ्या व्याख्यानाचे प्रयोजनही तेथेच आहे.

डिझेल इंजिनात काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या दोन विषांचे परस्परांशी वैर आहे. ज्वलन जितके उष्ण आणि पूर्ण, तितकी काजळी कमी; परंतु हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग त्याच उष्णतेत होत असल्यामुळे ऑक्साइडे तितकी अधिक. ज्वलन थोडे थंड केले तर ऑक्साइडे घटतात आणि काजळी वाढते. डिझेल फवारण्याचा क्षण, ज्याला गॅरेजात टायमिंग म्हणतात, तो थोडा अलीकडे आणला की धूर स्वच्छ दिसतो, डिझेलही थोडे वाचते, आणि ऑक्साइडांचे प्रमाण चढते. तो मागे नेला की याच्या नेमके उलट घडते. हा निसर्गाचा व्यवहार असून त्यातून केवळ पान्याने सुटका नाही. काजळी डोळ्यांना दिसते. ऑक्साइडे फार विरळ असता दिसत नाहीत, पण ती फुप्फुसांच्या नळ्या सुजवितात आणि सूर्यप्रकाशात इतर वाफांशी संयोग पावून जमिनीलगत ओझोन निर्माण करतात. लॉस एंजेलिस शहरावर पसरणारे ते डोळे झोंबविणारे धुके अशा रीतीने बनते, हे हाखेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले, आणि तेथपासून न दिसणाऱ्या धुराचा विचार शास्त्रास करावा लागला.

आमच्याकडचा धुराचा कायदा मात्र डोळ्यांच्या साक्षीवर वाढला. मुंबई इलाख्यात १९१२ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला तो गिरण्यांच्या व कारखान्यांच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या काळ्या लोटांकरिता. त्या काळी दुसरे मोजण्याचे साधनही नव्हते. परंतु आज एकशे दहाहून अधिक वर्षांनंतर डिझेल वाहनाची पी.यू.सी., म्हणजे प्रदूषण-नियंत्रणाच्या दाखल्याची, तपासणी करताना आपण काय मोजतो? गाडी उभी ठेवून, इंजिन तापवून, पेडल झटक्याने पूर्ण दाबावयाचे आणि नळीतून निघणारा वायू प्रकाशाचा किती भाग अडवितो ते यंत्रावर वाचावयाचे. जुन्या ट्रकास हार्ट्रिज मापाने ६५ पर्यंत आणि बी.एस.-४ (भारत स्टेज-४) या उत्सर्जन मानकाच्या ट्रकास ५० पर्यंत मुभा आहे. म्हणजे मोजला जातो तो केवळ काळेपणा. गाडीवर माल नाही, चढ नाही, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा तर त्या दाखल्यात रकानाच नाही. पेडल झटक्याने न दाबता हळूहळू दाबले तर आकडा उतरतो हे प्रत्येक केंद्रावर ठाऊक आहे. पण तो गैरप्रकार मी बाजूस ठेवतो, कारण तपासणी अक्षरशः नियमाप्रमाणे झाली तरी दोष उरतोच. तपासणीच्या आदल्या दिवशी टायमिंग अलीकडे आणणारा मिस्त्री धूर खरोखरच कमी करतो, दाखला प्रामाणिकपणे मिळवितो, आणि त्याच कृतीने दुसरे विष वाढवितो. कायद्याने त्याला तसे करावयास शिकविले आहे, असेच म्हटले पाहिजे.

बी.एस.-४ च्या ट्रकांत तर या उणिवेने उग्र स्वरूप धारण केले. हे मानक १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशास लागू झाले. जड वाहनांच्या इंजिनातून दर किलोवॅट-तासामागे निघणाऱ्या ऑक्साइडांची मर्यादा बी.एस.-३ मध्ये ५ ग्रॅम होती ती ३.५ वर आली, आणि काजळीची ०.१० वरून ०.०२ वर. दोन्ही विषे एकाच वेळी एवढी खाली आणणे टायमिंगच्या खेळाने शक्य नव्हते. म्हणून निर्मात्यांपैकी काहींनी धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात फिरविण्याची ई.जी.आर. पद्धती घेतली, तर काहींनी युरियाची. दुसऱ्या पद्धतीत ज्वलन उष्ण ठेवून काजळी कमी करावयाची आणि उत्पन्न झालेल्या ऑक्साइडांवर धूरनळीतच शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया मिसळलेले द्रावण फवारावयाचे. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर तो ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी करतो. योजना सुरेख आहे. पण शंभर लिटर डिझेलामागे चार-पाच लिटर द्रावण लागते, ते पदरच्या पैशाने विकत घ्यावे लागते, हलक्या दर्जाचे घातले तर त्याचे खडे होऊन फवारणीचे तोंड बंद पडते, आणि द्रावण संपले की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो.

या गाड्या आता बऱ्याच वर्षांच्या, म्हणजे हमी संपलेल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेल्या आहेत. त्यांच्याकरिता ‘युरिया बायपास’ नावाचा एक व्यवसाय उभा राहिला आहे. एक लहानशी पेटी तारांत जोडली की ती संगणकास खोटे सांगते: टाकी भरलेली आहे, फवारा चालू आहे, सर्व यथास्थित आहे. गाडी पूर्ण ताकदीने धावते आणि द्रावणाचा खर्च वाचतो. ई.जी.आर. असलेल्या गाडीत याहून सोपे काम आहे: नळीच्या जोडावर पत्र्याची चकती घालून वाट बंद करावयाची. आता या दोन्ही गाड्या पी.यू.सी. केंद्रावर न्या. युरिया बंद केल्याने काळेपणा तिळमात्र वाढत नाही, कारण युरियाचा काजळीशी संबंधच नाही, आणि ई.जी.आर. बंद केल्याने इंजिनास ताजी हवा अधिक मिळून धूर उलट कमी होतो. ज्या ट्रकाने आपली विषनिवारक योजना समूळ निकामी केली आहे, तो ट्रक एका वर्षाच्या मुदतीचा स्वच्छतेचा दाखला घेऊन बाहेर पडतो. मला या गोष्टीचा संताप येतो, आणि तो पेटी विकणाऱ्यापेक्षा, ती विकली जाणार हे दिसत असूनही तपासणीची रीत न बदलणाऱ्या व्यवस्थेवर अधिक आहे.

हा मोह केवळ आपल्याकडच्या गरीब ट्रकमालकासच होतो असे कोणी समजू नये. अमेरिकेत १९९८ साली तेथील सरकारने जड डिझेल इंजिनांच्या सात निर्मात्यांशी केलेली तडजोड प्रसिद्ध आहे. त्यांच्या इंजिनांतील संगणक प्रयोगशाळेतील चाचणीच्या पद्धतीत एक टायमिंग ठेवीत, आणि महामार्गावर गाडी स्थिर वेगाने धावू लागली की डिझेल वाचविण्याकरिता ते अलीकडे आणीत. परिणामी ऑक्साइडे चाचणीत मर्यादेच्या आत आणि रस्त्यावर कितीतरी बाहेर. निर्मात्यांना ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड झाला आणि एकूण खर्चाचा अंदाज शंभर कोटी डॉलरांच्या घरात गेला. आमचा मिस्त्री पान्याने करतो तेच तेथे अभियंत्यांनी संगणकाने केले होते. पुढे त्याच देशात खाजगी डिझेल पिकअप गाड्यांचे मालक उत्प्रेरक आणि काजळीचे गाळणे कापून काढू लागले. २०२० च्या नोव्हेंबरात तेथील पर्यावरण संस्थेने असा अंदाज दिला की मागील दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक गाड्यांवर हा प्रयोग झाला असून त्यांच्या उरलेल्या आयुष्यात हवेत पडणारी जादा ऑक्साइडे पाच लाख सत्तर हजार टनांची आहेत. तेथील मालकांस डिझेलाच्या चार पैशांची भ्रांत होती असे म्हणता येत नाही. चाचणी जेथे पाहत नाही तेथे फेरफार होतो, हा सर्वत्र सारखाच अनुभव दिसतो.

आता कायद्याची दुसरी बाजू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी दाखल्यातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करते. २०१९ च्या सुधारणेने अनधिकृत फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड सांगितला. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निकाल देऊन हे कलम अधिक घट्ट केले. हेतू रास्तच आहे. परंतु अंमलबजावणीत त्याचा परिणाम विचित्र होतो. तारांत दडविलेली पेटी किंवा जोडातील चकती नोंदणी दाखल्यात दिसत नाही, पासिंगच्या वेळी कोणी जोड उघडून पाहत नाही, म्हणून वाईट फेरफार सुटतो. आणि जुन्या गाडीस धूर गाळण्याचे बाहेरचे उपकरण उघडपणे बसविणारा मालक मात्र निरीक्षकाच्या पहिल्याच दृष्टीस पडतो व खुलासे देत बसतो.

चांगला फेरफार शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आल्प्स पर्वताखालच्या बोगद्यांनी दिले. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनी या देशांतील कामगार-विमा संस्थांनी १९९० नंतरच्या दशकात बोगदे खोदणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांची चिंता करून वापरातील जुन्याच यंत्रांवर काजळीची गाळणी बसविण्याचा प्रकल्प हाती घेतला. हे गाळणे म्हणजे सच्छिद्र चिनीमातीसारख्या पदार्थाचा गोल ठोकळा. त्यात असंख्य अरुंद नलिका असून प्रत्येक नलिकेचे एक टोक बुजविलेले असते, एकीचे पुढचे तर शेजारणीचे मागचे, त्यामुळे वायूस भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी मागे राहते. साचलेली काजळी वेळोवेळी जाळावी लागते. एरवी त्यास सहाशे अंश उष्णता हवी, परंतु पुढे एक उत्प्रेरक ठेवल्यास अडीचशे-तीनशे अंशांतही हे काम हळूहळू होते. लंडन शहराने फेब्रुवारी २००८ पासून बारा टनांवरील मालट्रकांना मानक पाळण्याची अट घातली, तेव्हा जुन्या ट्रकास मान्यताप्राप्त गाळणे बसवून शहरात येण्याची वाट खुली ठेवली होती.

मग आपल्या वीस वर्षांच्या ट्रकावर ते सरसकट का बसवू नये? दीर्घकाळ एक अडचण डिझेलातील गंधकाची होती, कारण गंधक उत्प्रेरकास मारतो. १९९० च्या आसपास आपल्या डिझेलात दहा लाख भागांत दहा हजारांपर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा भागांचे डिझेल मिळते, आणि हा आपल्या काळातील फार मोठा, पण फार थोड्यांनी दखल घेतलेला सार्वजनिक लाभ आहे. ती अडचण मिटली, इंजिनाची उरली. तेल पिणाऱ्या इंजिनाची राख गाळण्यात बसते आणि ती कोणत्याही उष्णतेने जळत नाही. पंप वाढविलेला असेल तर गाळणे आठवड्यात तुंबते, मागचा दाब वाढतो, आणि अशा तुंबलेल्या काजळीने एकदम पेट घेतला तर ठोकळा वितळतो. रिकामी गाडी शहरात रेंगाळत चालली तर धूर पुरेसा तापतच नाही. यास्तव माझे मत असे आहे की जुन्या ट्रकाची सुधारणा मागून पुढे न करता पुढून मागे केली पाहिजे: आधी हवेचा फिल्टर आणि पंप-नोझल, मग रिंगा व टर्बो, आणि इतके करून ज्या गाडीचे तेल स्थिर राहते तिलाच गाळणे. ज्या इंजिनास ही पहिली पायरीच परवडत नाही, ते मोडीत गेलेले बरे.

यातून काही तजविजी निघतात. आठ वर्षांवरील मालट्रकाचे पासिंग दरसाल होते. त्या वेळी पंपाची मोहर शाबूत आहे की नाही हे पाहावे, आणि मोहर लावणाऱ्या पंपशाळेचे नाव, तारीख व डिझेलाचे माप यांचा दाखला गाडीच्या कागदांत असावा. हे काम एका मिनिटाचे आहे. बी.एस.-४ आणि त्यापुढील गाड्यांत संगणकाची नोंद वाचून युरियाचा खप धावलेल्या अंतराशी जुळतो काय हे ताडावे. धावत्या गाडीच्या धुरावर रस्त्याकडेने किरण टाकून त्यातील विषारी वायू मोजण्याची पद्धती डेन्व्हर विद्यापीठात डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० नंतरच्या दशकात सिद्ध केली आहे. घाटाच्या चढणीवर ती बसविली तर गाडी मालासह, जोर लावीत असताना तपासली जाईल. वाहनांच्या चाचणीचे शास्त्र आपणास परके नाही. पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून ए.आर.ए.आय. ही संस्था तेच करीत आहे, आणि गाळण्यांसारख्या उपकरणांची मान्यता-यादी करून ती बसविणाऱ्यास नोंदणी कार्यालयात वेगळी, सोपी वाट देणे तिच्या आणि परिवहन खात्याच्या संयुक्त आवाक्यातील गोष्ट आहे.

शेवटचा प्रश्न पैशाचा. एका ट्रकाचा मालक, जो बहुधा स्वतःच त्याचा चालकही असतो, तो भाड्याचे दर ठरवीत नाही. ते माल पाठविणारा ठरवितो. युरियाचे चार-पाच लिटर वाचविणाऱ्या त्या माणसावर केवळ दंडाचा धाक धरून हे काम होणार नाही. साखर कारखाने, सिमेंटचे आणि लोखंडाचे मोठे व्यापारी, बंदरावरचे माल-अडते यांच्या भाडेकरारात पंपशाळेचा दाखला आणि युरियाचा खर्च हे दोन रकाने वेगळे दाखविण्याची सक्ती असावी, आणि तो खर्च भाड्यावर चढवून माल पाठविणाऱ्याने द्यावा. निविदा काढून माल वाहविणाऱ्या सरकारी खात्यांनी याचा आरंभ स्वतःच्या करारांपासून केला, तर त्यास नव्या कायद्याचीही गरज पडणार नाही. निविदेच्या अटींत दोन कलमे वाढविली की पुरे.